मेंढरांच्या माळावरचा गोल्फ

पिंपळीच्या वसंत व्याख्यानमालेत गोल्फवर बोलावयाचे ठरले तेव्हा विषय ऐकूनच काही मंडळींनी भुवया उंचावल्या. गोल्फ हा साहेबाचा खेळ. साहेब गेला, खेळ श्रीमंतांकडे आला. ऊस, कालवा आणि दूध यांवर जगणाऱ्या गावाला त्याचे काय? शंका रास्त आहे. आमचा व्यवसाय कामगार-संघटनेचा. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि सभांच्या सतरंजीवर. तेव्हा खेळाचे तंत्र सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण जमीन कोणाची आणि ओझे कोणाच्या खांद्यावर, हे दोन प्रश्न जेथे एकत्र येतात ती गोष्ट आमच्या कक्षेतली आहे, आणि गोल्फच्या इतिहासात हे दोन प्रश्न आरंभापासून हातात हात घालून चालत आले आहेत.

खेळ थोडक्यात असा. एका ठिकाणाहून काठीने चेंडू मारावयाचा आणि दूरवरच्या हिरवळीत केलेल्या वीतभराहून लहान भोकात तो कमीत कमी टोल्यांत घालावयाचा. अशी भोके अठरा. त्यांना वळसा घालून येईपर्यंत माणसाची सहा-सात किलोमीटरांची पायपीट होते, आणि या एका खेळाला जमीन लागते ती सव्वाशे-दीडशे एकर. आमच्या भागात एवढ्या जमिनीवर किती कुटुंबांच्या चुली पेटतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

परंतु मुळात हा खेळ कोणाच्या शेतावर नांगर फिरवून आलेला नाही. तो जन्मला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, शेत आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीत. त्या पट्टीत पीक येत नसे. गावची मेंढरे चरत, ससे बिळे करीत, बायका धुणी वाळत घालीत. गवत कापावयास माणूस नव्हता, ते काम मेंढरांचे दात करीत. वाऱ्यापासून आडोसा शोधीत मेंढरे जेथे अंग घासून बसत तेथे वाळू उघडी पडून खड्डे होत. खेळाडूंना धडकी भरविणारे वाळूचे खड्डे, ज्यांना बंकर म्हणतात, ते मूळचे हेच, असे परंपरा सांगते. सेंट अँड्र्यूज या गावी तर १५५२ साली तेथील आर्चबिशपने लिहून दिलेल्या सनदेत गावकऱ्यांचा त्या माळावर खेळण्याचा हक्क नमूद आहे. पुढे १७९७ साली कर्जबाजारी नगरसभेने तो माळ विकला, घेणाऱ्यांनी तेथे सशांची पैदास सुरू केली, आणि गावकरी व ससेवाले यांच्यात कित्येक वर्षे कोर्टात आणि कोर्टाबाहेर मारामाऱ्या झाल्या. अखेर १८९४ साली पार्लमेंटचा कायदा होऊन माळ पुन्हा गावाच्या मालकीचा झाला. जगातले सर्वांत नामांकित गोल्फ-मैदान आजही सार्वजनिक आहे, आणि एरवी रविवारी तेथे खेळ बंद ठेवून गावकऱ्यांना फिरावयास मोकळे असते. हे वाचून आम्हांस प्रथम खरे वाटले नाही, कारण गोल्फचे मैदान म्हणजे तारेचे कुंपण आणि फाटकावर पहारेकरी, हेच आमच्या डोळ्यांना सवयीचे.

तसे ते का झाले, याचे कारण हा खेळ आमच्याकडे ज्या वाटेने आला त्या वाटेत आहे. कलकत्त्यात १८२९ साली गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतका जुना क्लब दुसरा नाही. मुंबईत १८४२ साली निघाला. पुण्याचा क्लब आपली परंपरा १८८५ पासूनची सांगतो. त्याच १८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते आणि पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. एकाच शहराच्या एका टोकाला देशाच्या कारभारात वाटा मागण्याची तयारी चालली होती आणि दुसऱ्या टोकाला लष्करातले साहेब काठ्या पारखीत होते. आमच्याकडे खेळ आला तो पलटणीबरोबर. त्याला जमीन मिळाली ती छावणीच्या आणि सरकारच्या जोरावर. आसपासच्या वस्तीतल्या लोकांचा त्या जमिनीवर काही वहिवाटीचा हक्क आहे काय, असे विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. आमची माणसे त्या फाटकातून आत गेली ती एकाच रीतीने, खांद्यावर साहेबाची पिशवी घेऊन. मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या नावाने १९१७-१८ च्या सुमारास जो क्लब उभा राहिला त्यात हिंदी लोकांना सभासद म्हणून प्रवेश मिळाला आणि त्या वेळी त्याचे मोठे कौतुक झाले. पण तो प्रवेश राजेरजवाड्यांचा आणि गिरणीमालकांचा होता. गिरणीत साचा चालविणारास त्या सुधारणेचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. चेंबूरचे मैदान त्यानंतरचे, १९२७ चे.

नाशिकची कथा निराळी आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नाशकात साहेबाच्या काळी गोल्फ खेळला जात असे. खेळ गेला, मैदान राहिले, आणि लोकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’ हे नावही राहिले. मात्र त्याचे अधिकृत नाव आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणारा आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला तो कोवळा तरुण. त्याच्या नावाच्या मैदानावर आता रणजी करंडकाचे सामने होतात आणि पहाटे सारे नाशिक फिरावयास येते.

आता आम्ही श्रोत्यांना मुंबईहून एकदम इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नेणार आहोत, आणि वाट दाखवावयास मुंबईतच जन्मलेला एक माणूस घेणार आहोत. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. हिंदुस्थानात चाकरी करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना आपल्या मुलांसाठी स्वस्तातली शाळा हवी होती. ती त्यांनी १८७४ साली डेव्हन परगण्यात, वेस्टवर्ड हो! या चमत्कारिक नावाच्या वसाहतीत काढली. एका कादंबरीवरून हे नाव पडले असून शेवटचे उद्गारचिन्ह नावातच आहे. किपलिंग १८७८ ते १८८२ या शाळेत होता. शाळेच्या जवळच जो उघडा माळ समुद्रापर्यंत पसरला आहे तोच आमचा आजचा विषय. त्याला नॉर्दम बरोज म्हणतात. क्षेत्र सहाशे एकरांहून अधिक. त्यावर १८६४ साली गोल्फ क्लब स्थापन झाला, आणि आपल्या मूळच्या जागेवरच आजतागायत चालू असलेले इंग्लंडातले सर्वांत जुने मैदान ते हेच. चार वर्षांनी, १८६८ साली, तेथेच बायकांचाही स्वतंत्र क्लब निघाला.

तेथे खेळावयास जाणाऱ्या पाहुण्यांचा अनुभव बहुधा एकाच क्रमाने जातो. प्रथम निराशा. एवढे नाव ऐकून यावे आणि पाहावे तर झाड नाही, टेकडी नाही, सपाट माळरान! आमच्या जिरायती पट्ट्यातला माणूस तेथे उभा राहिला तर गवताचा हिरवेपणा सोडून त्याला फारसे परके वाटणार नाही. मग वारा सुरू होतो. अटलांटिक महासागरावरून येणारा वारा अडवावयास मध्ये काही नसते. सरळ मारलेला चेंडू दुसऱ्याच दिशेस जातो, आणि काल ज्या काठीने काम झाले ती आज निरुपयोगी ठरते. चौथ्या भोकाच्या वाटेवर एक प्रचंड वाळूचा खड्डा आडवा पडलेला असून त्याची उभी भिंत लाकडी ओंडक्यांनी रचलेली आहे. तो एका टोल्यात ओलांडला नाही तर आत उतरून घाम गाळावा लागतो. पुढे मैदानाच्या मधल्या भागात लव्हाळ्याच्या जातीचे एक गवत लागते. ते पुरुषभर उंच वाढते आणि त्याची टोके दाभणासारखी असतात. चेंडू त्यात गेला की काही वेळा त्या टोकावरच टोचला जाऊन अडकून राहतो. शोधावयास हात घालणारा रक्त काढून परत येतो. पाहुणा चिडतो, हिरमुसतो, आणि मग केव्हातरी मान वर करून पाहतो तो एका बाजूस समुद्र, पलीकडे उपसागराचा वाक, स्वच्छ दिवस असेल तर क्षितिजावर लंडी बेट. तेथून परतलेला माणूस मैदानाची निंदा करीत नाही. पुन्हा जाण्याचे बेत करतो.

पण पाहुण्यांना सर्वांत नवल वाटते ते मेंढरांचे. मैदानावर मेंढरे आणि घोडी खुशाल चरत असतात. टोला मारावयाच्या जागी मेंढी रवंथ करीत बसली तर थांबावे लागते. नव्या पाहुण्याला ही गंमत वाटते, जुन्याला सवय झालेली असते. आमच्याकडे आषाढात तुकोबांची पालखी बारामती सोडून पुढे निघाली की काटेवाडीस मेंढरांचे रिंगण होते. पालखीभोवती मेंढरे धावतात आणि त्या घटकेला रस्ता त्यांचा असतो. त्या घटकेपुरता. नॉर्दमच्या माळावर मेंढरांचा हक्क वर्षाचे बारा महिने आहे आणि तो कायदेशीर आहे.

हा हक्क ज्यांचा आहे त्या गावकऱ्यांना ‘पॉटवॉलपर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ, चुलीवर आपले भांडे उकळविणारा. ज्याची गावात स्वतःची चूल, त्याला माळावर चराईचा हक्क. आपल्याकडेही घरे मोजावयाची ती चुलीवरून. भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी झाली असेच आपण म्हणतो. इंग्लंडातल्या काही शहरांत १८३२ पूर्वी मतदानाचा हक्कसुद्धा याच चुलीच्या मापाने ठरत असे. या हक्काबरोबर एक कामही येई. माळ आणि समुद्र यांच्यामध्ये गोट्यांचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा नैसर्गिक बांध आहे. हिवाळ्याच्या वादळात लाटा गोटे उधळून माळावर फेकतात. मे महिन्याच्या सुमारास गावकऱ्यांनी जमावयाचे, ते गोटे उचलून पुन्हा बांधावर टाकावयाचे आणि मग जत्रा करावयाची. गावकीचे श्रमदान आणि उरूस एकाच दिवशी. ज्याने बांध राखला त्याचा माळ, असा तो साधा व्यवहार होता. क्लब आला, क्लबाला राजाश्रय मिळाला, ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पण पॉटवॉलपरांचा चराईचा हक्क टिकून राहिला. साहेब मंडळींना मेंढरांमधून वाट काढीतच खेळावे लागले, आणि आजही लागते.

आम्ही या गोष्टीपाशी रेंगाळलो याचे कारण उघड आहे. आमच्या तालुक्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि जमिनीला मोल आले. जमिनीला मोल आले की पहिला घास गायरानाचा जातो. गायरान कोणा एकाचे नसते, म्हणून ते कोणाचेच नाही असे समजण्याची एक सोयीस्कर पद्धत आहे. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले. तो निकाल वाचताना आम्हांस नॉर्दमच्या चुली आठवल्या.

आता दुसरा प्रश्न, ओझ्याचा. या नॉर्दम गावात १८७१ साली एका मजुराच्या घरी जॉन हेन्री टेलर हा मुलगा जन्मला. बाप लहानपणीच वारला, आईने कष्टांवर घर चालविले. अकराव्या वर्षी शाळा सुटली. मग बड्या घरी वरकाम, जोडे साफ करणे, बागेत मजुरी, गवंड्याच्या हाताखाली मजुरी, आणि माळावर खेळावयास येणाऱ्यांच्या काठ्या वाहणे. काठ्या वाहणाऱ्या या पोराला कॅडी म्हणतात. ज्या घरी तो चाकरीस होता त्या घरचा मुलगा होरेस हचिन्सन याने १८८६ आणि १८८७ अशी लागोपाठ दोन वर्षे हौशी खेळाडूंची अजिंक्यपदे मिळविली. टेलरने त्याच्या काठ्या वाहिल्या, खेळ पाहिला, आणि पाहून शिकला. पलटणीत भरती व्हावयास गेला तर दृष्टी अधू म्हणून परत पाठविला. ही अधू दृष्टीची माणसे पुढे काय करतील याचा नेम नसतो. १८९४ साली त्याने ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली; १८९५, १९००, १९०९ आणि १९१३ साली पुन्हा जिंकली. त्याचे दोन प्रतिस्पर्धी म्हणजे माळीकाम करून वाढलेला हॅरी व्हार्डन आणि सुतारकी केलेला जेम्स ब्रेड. १८९४ ते १९१४ या एकवीस वर्षांत या मजूर, माळी आणि सुताराने मिळून सोळा वेळा ती स्पर्धा जिंकली.

खेळात जिंकणारा गरीब हा तसा फार नवलाचा विषय नव्हे. जिंकणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक आपल्यापुरते जिंकतात. टेलरची योग्यता आमच्या मते निराळ्या गोष्टीत आहे. नॉर्दममध्ये १८८८ साली कष्टकऱ्यांनी स्वतःचा गोल्फ क्लब काढला. माळ गावचा, मग खेळावयास आम्हीही का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल. टेलर त्या मंडळीतला. पुढे ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी असे ‘कारागिरांचे’ क्लब निघाले. त्यांतल्या पुष्कळांची व्यवस्था अशी असे की श्रीमंत क्लबच्या मैदानावर गैरसोयीच्या वेळी खेळावयास मुभा मिळावयाची आणि बदल्यात मैदानाची निगा राखावयाची. आम्हांस ती व्यवस्था पसंत नाही, कारण त्यात हक्काचे रूपांतर मेहेरबानीत होते. पण आरंभ झाला एवढे खरे.

त्याहून मोठे काम १९०१ चे. क्लबांच्या पदरी असलेले व्यवसायी खेळाडू तुटपुंज्या पगारावर राहत. त्यांची खरी मिळकत काठ्या-चेंडूंच्या छोट्याशा दुकानाची. ती विक्री काही क्लब आपल्याकडे ओढून घेऊ लागले. एकेकटा खेळाडू तक्रार करावयास गेला तर त्याला दार दाखवावयास कितीसा वेळ लागणार! टेलरने पुढाकार घेतला, मंडळी जमविली आणि व्यवसायी गोल्फ खेळाडूंची संघटना स्थापन केली. तो तिचा अध्यक्ष झाला. तिच्यासाठी त्याने भाषणे केली, पत्रे लिहिली, क्लबांशी बोलणी केली. अकराव्या वर्षी शाळा सुटलेला हा मनुष्य वाचून वाचून असा तयार झाला की १९४३ साली त्याने आपले आत्मचरित्र लिहिले. लंडनच्या रिचमंड पार्कात १९२३ साली सर्वांसाठी खुले असे सार्वजनिक गोल्फ-मैदान झाले त्यामागेही त्याची खटपट होती. म्हातारपणी तो नॉर्दमला परतला. १९५७ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ज्या क्लबात तो काठ्या वाहावयास जात असे त्याच क्लबाने त्याला आपला अध्यक्ष केले. १९६३ च्या फेब्रुवारीत तो गावीच वारला.

परंतु संघटना झाली ती खेळाडूंची. कॅडी जेथे होता तेथेच राहिला. आमच्याच देशाचे घ्या. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकली, आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. कलकत्त्याच्या जुन्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने २००८ साली इंडियन मास्टर्स, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. त्यांचे कौतुक झाले आणि व्हावयासच हवे होते. पण एक अली शेर वर आला म्हणजे छपराखाली आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसलेल्या शेकडो कॅडींचा प्रश्न सुटला असे होत नाही.

त्यांचा प्रश्न असा की त्यांचा मालक कोण? हे कोडे कोर्टातही गेले आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात कॅडी हा क्लबचाच कामगार ठरविला. ऐंशी वर्षांनी हाँगकाँगच्या एका क्लबातील कॅडीचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. ताईमहाराज प्रकरणात लोकमान्यांना न्याय मिळाला तेच हे न्यायासन. कॅडीला क्लबने क्रमांक दिलेला, गणवेश दिलेला, कोणी कोणाबरोबर जावयाचे तो क्रम क्लब लावणार, फेरीचा दरही क्लब ठरविणार. तरीसुद्धा १९९७ साली बहुमताने निर्णय झाला की तो क्लबचा नोकर नव्हे. ज्याच्या काठ्या वाहिल्या त्या खेळाडूशी त्या फेरीपुरता त्याचा करार. दुसऱ्या फेरीला दुसरा मालक. काम नाही त्या दिवशी कोणीच मालक नाही. पाच न्यायमूर्तींपैकी लॉर्ड हॉफमन यांनी विरुद्ध मत नोंदविले, ते आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.

हंगामी, रोजंदारी, बदली आणि कंत्राटी या शब्दांशी ज्यांचा जन्म गेला त्यांना ही भाषा ओळखीची आहे. महाराष्ट्राला तर या कोड्याचे उत्तरही ठाऊक आहे. बाजारपेठेतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. त्याचाही मालक सापडत नसे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी, पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने वर्षानुवर्षे झगडा केला. १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक एक नसेना का. सर्व मालकांनी मंडळाकडे नोंद करावयाची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावयाची, आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी द्यावयाचे. ओझे कोणाचे याला महत्त्व उरले नाही. ते ज्याने वाहिले त्याचे नाव वहीत चढले.

पोते शंभर किलोंचे आणि काठ्यांची पिशवी दहा-पंधरा किलोंची, हा फरक आहे. पण पिशवी घेऊन सहा-सात किलोमीटर चालावयाचे, चेंडू हरवला तर काट्यांत शिरावयाचे, आणि टोला चुकला तर बोलणीही खावयाची. माथाडी कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत लोखंड बाजार आहे, कापड बाजार आहे, किराणा आहे, भाजीपाला आहे. गोल्फचे मैदान नाही. आमच्या येत्या बैठकीत हा विषय आम्ही ठेवला आहे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या मैदानावरचा कोणी कॅडी येऊ इच्छीत असेल तर त्याच्या एस. टी. च्या भाड्याची आणि मुक्कामाची सोय बारामतीत होईल.